स्वरी

रात्री तीन वाजता कॉम्प्युटर आपणच निजला, आपणच उठला.
सकाळी सहाला स्काइद्रीतेने एप्रनला हात पुसून
माउस हलवला, तर पडद्यावर
कुठल्याशा निळ्या डोंगराचं चित्र.
लिएपायात डोंगर नाही.
राखाडी समुद्र आहे, बंदराच्या कडेला ही पत्र्याची शेड,
आत मासे धुरवायच्या चार भट्ट्या
आणि भट्टीबाहेर एक तराजू
ज्याची तार या कॉम्प्युटरच्या पाठीत.

तराजू सांगे, छापायंत्र ऐके.
मधला दुभाष्या: 'स्वरी'.
त्यांच्या भाषेत स्वरी म्हणजे तराजूच,
स्वराशी त्याचं काही नातं नाही.
(मला मात्र दर वेळी कुणीतरी गळा साफ करतंय असं वाटतं.)
नखाएवढी खिडकी, एकच बटण, हिरवं.
अकरा वर्षं कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.
चालत्या गोष्टीकडे कोण पाहतं.

आज बटण दाबलं तर पाटी आली:
हा प्रोग्राम नव्या आवृत्तीशी सुसंगत नाही.
कृपया निर्मात्याशी संपर्क साधा.

निर्माता गुंटिस.
तेव्हा तो दोन नंबरच्या भट्टीवर होता.
चार शनिवार बसून लिहिलं त्याने हे,
बदल्यात घेतली धुरवलेल्या वाम माशांची एक जोडी.
आता तो आयर्लंडात, मॉनहनला,
अळिंब्यांच्या अंधाऱ्या शेडमध्ये रात्रपाळी करतो.

फोनवर मागे पंख्याची घरघर.
"अजून चालत होतं ते?" त्याने विचारलं,
जसं शाळेतल्या एखाद्या म्हाताऱ्या शिपायाबद्दल विचारावं.
मूळ प्रत?
ती होती एका लॅपटॉपमध्ये,
लॅपटॉप राहिला इल्झेकडे,
आणि इल्झेचा नंबर त्याने स्वतःच पुसला होता.
मग दोघं जरा वेळ हवेबद्दल बोलली.

दुपारी नवा प्रोग्राम आला, तीस दिवस फुकट.
मोठा लाघवी. तराजूशी जमलं, छापायंत्राशी जमलं.
वजन बरोबर, तारीख बरोबर, काळ्या पट्ट्या बरोबर.
फक्त जिथे जिथे दीर्घ स्वर,
तिथे तिथे त्याला शंका:
लिएप?या.
र?गा, जिथे हा माल जायचा.
आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात
स्काइद्र?ते.

त्यांच्या लिपीत दीर्घ अक्षराच्या डोक्यावर एक रेघ असते,
छोटी, आडवी.
आपण ती अख्ख्या शब्दावर ओढतो,
म्हणून आपल्याला तिचं अप्रूप नाही.
छापायंत्राला ती मुळात येतच नव्हती.
गुंटिसने शिकवली होती,
ठिपक्याला ठिपका लावून,
आणि कुणाला सांगितलं नव्हतं,
कारण सांगण्यासारखं त्यात त्याला काही वाटलं नव्हतं.

ट्रक साडेचारला. डबे तीनशे चाळीस.
स्काइद्रीतेने साचा उघडला,
प्रश्नचिन्हं पुसली, साधी ऱ्हस्व अक्षरं टाकली,
आणि वहीतलं काळं पेन घेऊन खुर्ची ओढली.
एकेका डब्यावर तीन रेघा.
गावाला एक, राजधानीला एक,
स्वतःला शेवटी.
शंभराव्या डब्याला बोटं तेलकट, शाई फिसकटू लागली.
दोनशेच्या पुढे तिने स्वतःला वगळलं.
ड्रायव्हर रायविस दोनदा हॉर्न वाजवून
तिसऱ्यांदा आत आला, काही बोलला नाही,
खिशातलं पेन काढून समोर बसला.
त्याच्या रेघा फार लांब.
र च्या डोक्यावरून निघून ग पर्यंत जाणाऱ्या.
तिने चालवून घेतल्या.

रात्री फोन थरथरला. मॉनहनहून एक ओळ:
सात ठिपके होते. एवढंच आठवतंय.

एक डबा मागे राहिला होता, पत्रा चेपलेला.
तिने तो दिव्याखाली धरला.
तिची रेघ उजवीकडे जरा चढत गेली होती.